मदत हवी आहे: भाचा तेरा वर्षांचा, मराठी वाचन दुसरीतलं. कोणती नवी पुस्तकं देऊ?

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीची दोन्ही मुलं बंगळुरूत वाढताहेत. घरात मराठीच बोलतात, भांडतातही मराठीतच. वाचायला बसली की मात्र अडतं. भाची सात वर्षांची आहे, तिची मला काळजी नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ तिला जवळजवळ पाठ आहे, चित्रावर बोट ठेवून ती मलाच वाचून दाखवते.

प्रश्न तेरा वर्षांच्या भाच्याचा आहे. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं तो दोन दिवसांत संपवतो. मराठीत मात्र अक्षर अक्षर लावत वाचतो. त्याला झेपेल असं काही दिलं तर त्यात ससा नि कासव असतात. मग तो पुस्तक मिटून गुपचूप टेबलावर ठेवतो. मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. त्याच्या वयाचं काही द्यावं तर पानभर वर्णन, बारीक टाइप आणि ओळीओळीत जोडाक्षरं.

दिवाळीत त्याला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ वाचून दाखवला. बन्याची सायकल, ते ‘ट्टॉक्’, सगळं आवडलं. दोन प्रकरणं झाल्यावर पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि गाडी तिथेच थांबली. “मावशी, तू वाच ना, तू वाचलंस की कळतं,” म्हणाला. म्हणजे कानाला मराठी पुरेशी येते, डोळ्यांना सवय नाही.

शिवाय माझ्या लहानपणीच्याच पुस्तकांवर त्याची बोळवण करायची नाहीये. म्हणून साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी काढून बसले. सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२) आणि भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) या तीन कादंबऱ्या डोळ्यासमोर आहेत. त्याला रहस्यकथांचं वेड आहे, त्यामुळे मन समशेरकडे ओढतंय. ज्यांच्या मुलांनी यातलं काही आपणहून वाचलंय त्यांनी कृपया सांगा, भाषा जड जाते का? प्रकरणं छोटी आहेत का? संवाद भरपूर आहेत ना?

२०२३ आणि २०२५ चे पुरस्कार कवितासंग्रहांना मिळालेत: एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ आणि सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’. कविता एका बैठकीत संपते, यमकामुळे पुढचा शब्दही ओळखता येतो. पण या वयाचा मुलगा कवितेला हात लावेल का?

प्रतिसाद

आम्ही हैदराबादला असतो, लेकीचं अगदी असंच होतं. आम्ही वाचन वाटून घेतलं. वर्णन बाबा वाचणार, अवतरणचिन्हांतलं ती. संवादातली मराठी तिच्या तोंडात रोज असतेच, त्यामुळे ती कमी अडखळायची. महिनाभरात मधली एखादी वर्णनाची ओळही आपसूक वाचू लागली.

प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळही बघा. मोफत आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीबरोबर कन्नड नि इंग्रजीतही मिळतात. अडलं की तो दुसऱ्या भाषेत डोकावू शकेल. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकही संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातली एक गोष्ट छापून द्या. दोन-तीन पानांना मुलं घाबरत नाहीत.

धागाकर्ती

वर्णन मी आणि संवाद त्याने, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! व्हिडिओ कॉलवर करून बघते. म्हणजे प्रती दोन घ्यायला हव्यात, एक त्याला, एक मला. मनापासून आभार. ‘समशेर’ वाचलेल्या मुलांच्या आईबाबांनी मात्र नक्की लिहा, शुक्रवारी कुरियर करायचं आहे.