वेण्णा तलावाकाठचे हिमकण: गोठलेले दव की थेट बाष्पातून वाढलेले स्फटिक?

सह्याद्री_पहाट (प्रश्न)

नमस्कार. जानेवारीत महाबळेश्वरला असताना सलग दोन दिवस पहाटे साडेपाचपासून वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळा परिसरात हिमकणांची जवळून छायाचित्रे काढली. माझ्याकडे 100 मिमीचे मॅक्रो भिंग आहे, म्हणजे वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर उमटते. घरी येऊन ती छायाचित्रे मोठी करून पाहिल्यावर मात्र काही शंका मनात घर करून बसल्या आहेत.

वर्तमानपत्रांत दरवर्षी ‘दवबिंदू गोठले’ असे छापून येते. माझ्या छायाचित्रांत मात्र एकाच रात्री, एकमेकांपासून हातभर अंतरावर, तीन वेगळी रूपे दिसतात. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडेला काचेच्या मण्यांसारखे गोल थेंब आहेत, देठांवर खडीसाखरेसारखे कोन असलेले बारीक कण आहेत आणि गाडीच्या काचेवर नेच्याच्या पानांसारखी वळणदार नक्षी आहे. हे सर्व गोठलेले दवच म्हणायचे का? शिवाय त्या दिवशी वेधशाळेने नोंदवलेले किमान तापमान शून्याच्या बरेच वर होते, मग बर्फ झालाच कसा? आणि छायाचित्रणाबद्दलही विचारायचे आहे: एकाच स्फटिकाचा अर्धा भाग सुस्पष्ट आणि उरलेला धूसर येतो, म्हणून मी भिंगाचे प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/22 पर्यंत लहान केले (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), तर सगळेच चित्र मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, झाले. यावर उपाय काय?

भौतिकी_शिक्षिका

प्रथम तापमानाविषयी. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो आणि तो हवेचे तापमान सांगतो, गवताचे नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर गवताची पाती, पाने आणि गाड्यांची टपे आपली उष्णता रात्रभर आकाशाकडे उत्सर्जित करत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होतात. त्यातच थंड हवा जड असल्याने ती उतारावरून ओघळून तलावाजवळच्या सखल जागेत साचते. त्यामुळे पेटीतला तापमापक 5 किंवा 6 अंश दाखवत असतानाही गवताचे पाते शून्याखाली असू शकते. वेधशाळेचा आकडा आणि आपले छायाचित्र या दोहोंत विसंगती नाही, दोन वेगळ्या गोष्टींची ती मोजमापे आहेत.

आता मुख्य प्रश्न. बर्फ दोन वाटांनी तयार होतो आणि जवळून काढलेल्या छायाचित्रात त्या वाटा ओळखता येतात. पहिल्या वाटेत बाष्पाचे आधी पाणी होते, म्हणजे दव पडते, आणि पृष्ठभाग आणखी थंड झाल्यावर ते पाणी गोठते. अशा कणाचा आकार थेंबाचाच राहतो, कारण तो पृष्ठताणाने ठरलेला असतो, स्फटिकाच्या रचनेने नाही. गोठताना पाणी साधारण 9 टक्के प्रसरण पावते. थेंब पानाकडून वर गोठत गेला, तर शेवटी उरलेले पाणी वर ढकलले जाऊन त्याला बारीक टोक येते. आपल्या मण्यांवर असे टोक दिसते का, ते अवश्य पाहावे.

दुसऱ्या वाटेत पाणी मध्ये येतच नाही. हवेतील बाष्पाचे रेणू थेट बर्फाच्या पृष्ठभागावर बसतात. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचलेले असतात. या जाळीचे काही पृष्ठभाग गुळगुळीत असतात आणि त्यांवर नवा रेणू सहज टिकत नाही, म्हणून ते सावकाश वाढतात. खडबडीत भाग मात्र झपाट्याने भरत जातात आणि अखेरीस सावकाश वाढणारे सपाट पैलूच शिल्लक राहतात. आपल्याला दिसलेले कोन त्या पैलूंचे आहेत, म्हणून देठांवरच्या कणांना ‘गोठलेले दव’ म्हणणे माझ्या मते चुकीचे ठरेल.

दोन्ही प्रकार एकाच जागी का, याचे उत्तर रात्रीच्या क्रमात आहे. संध्याकाळनंतर दव पडते. हे थेंब शून्य अंशाला लगेच गोठत नाहीत, ते काही अंश खालीही अतिशीत, म्हणजे न गोठलेल्या, द्रवरूपात राहू शकतात. पानांवर राहणाऱ्या काही जिवाणूंमुळे उणे 2 अंशांच्या आसपास गोठण्यास सुरुवात होते. एकदा काही थेंब गोठले की चित्र बदलते, कारण एकाच तापमानाला बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब (हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरचा बाष्पाचा दाब) पाण्यावरच्या दाबापेक्षा कमी असतो. उणे 2 अंशांना हा फरक जेमतेम 2 टक्के, तर उणे 15 अंशांना तो 15 टक्क्यांच्या आसपास असतो. द्रवरूप राहिलेल्या थेंबांतून बाष्प निघते आणि शेजारच्या बर्फावर जाऊन बसते. आपल्या एखाद्या छायाचित्रात कोनदार कणाभोवती कोरडे वर्तुळ दिसले, तर त्याचे कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

काचेवरची नक्षी बहुधा पहिल्याच वाटेची आहे. काचेवर दवाचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो एका बिंदूपासून गोठत पसरतो. धूळ, ओरखडे आणि पुसल्याच्या खुणा यांमुळे त्या वाढीला वळणे मिळतात.

स्ट्रॉबेरी_बागायतदार

पानांच्या कडेच्या मण्यांबद्दल थोडे सांगतो, कारण ते आम्ही रोज पाहतो. स्ट्रॉबेरीच्या पानाच्या कडेला जे दाते असतात, त्यांच्या टोकाशी पहाटे एकेक टपोरा थेंब उभा असतो. तो दवाचा नसतो. रात्री हवा दमट असते आणि ठिबकमुळे वाफ्यात ओल असते, तेव्हा मुळांनी ओढलेले पाणी पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येते. थंडी नसतानाही हे थेंब दिसतात, म्हणून ओळखणे सोपे आहे: दवाचे थेंब पानभर विखुरलेले आणि लहान असतात, हे मात्र प्रत्येक दात्यावर एक असे ओळीने मांडलेले असतात. आपले मणी तसे असतील, तर ते झाडाचेच पाणी गोठलेले आहे.

एक विनंतीही आहे. छायाचित्रे काढताना गादीवाफ्यावर किंवा मल्चिंग पेपरवर गुडघा टेकू नये आणि पानांवरचा बर्फ हाताने झटकू नये. अशा पहाटेनंतर उमललेल्या फुलांचा मध्यभाग काळा पडतो आणि त्या फुलाला फळ धरत नाही. हे स्फटिक सुंदर दिसतात हे खरेच, पण ज्या सकाळी ते दिसतात त्या सकाळी आम्ही फुले मोजत फिरत असतो.

हिमभिंग_मिनियापोलिस

मी गेली काही वर्षे येथे, अमेरिकेतील मिनियापोलिसमध्ये, घराच्या मागच्या अंगणात पडत्या बर्फाच्या स्फटिकांची छायाचित्रे काढतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

धूसरपणाचे कारण भिंगात दोष असणे हे नाही. 1:1 विवर्धनाला (वस्तू आणि तिची प्रतिमा सारख्याच आकाराची), फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, एफ/8 ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर सुस्पष्ट येतो. पाचपट विवर्धनाला तोच थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा उरतो. छिद्र लहान करून हा थर वाढतो खरा, पण जवळच्या छायाचित्रणात प्रत्यक्षात काम करणारे छिद्र भिंगावरच्या आकड्यापेक्षा बरेच लहान असते. 1:1 ला एफ/22 म्हणजे प्रत्यक्षात एफ/44 सारखे वागते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळे चित्र मऊ होते. आपल्याला हेच दिसले. एफ/5.6 ते एफ/8 वर थांबावे, फोकस अगदी थोडा थोडा पुढे सरकवत दहा ते वीस छायाचित्रे घ्यावीत आणि नंतर संगणकावर ती एकत्र करावीत. एकच छायाचित्र हवे असेल, तर स्फटिकाची सपाट बाजू आणि सेन्सर समांतर येतील असा कोन शोधण्यात वेळ घालवावा. त्या दोन मिनिटांचा उपयोग महागड्या उपकरणापेक्षा अधिक होतो. मॉस्कोचे अलेक्सेई क्ल्याटॉव यांनी साध्या छोट्या कॅमेऱ्यासमोर जुन्या झेनिट कॅमेऱ्याचे हेलिओस भिंग उलटे धरून, गडद लोकरी कापडावर पडलेल्या हिमस्फटिकांची जी छायाचित्रे काढली आहेत, ती पाहिल्यावर साधनांविषयीची तक्रार मी तरी सोडून दिली.

प्रकाश ही याहून अवघड बाब आहे. बर्फाला स्वतःचा रंग नसतो, आपल्याला दिसतात त्या कडा, प्रकाश जेथे वळतो तेथील. समोरून फ्लॅश टाकल्यास कडा पुसल्या जातात. प्रकाश मागून किंवा बाजूने, तिरपा येऊ द्यावा आणि पार्श्वभूमी गडद ठेवावी. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी 1885 च्या जानेवारीत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र काढले आणि पुढे 5,000 हून अधिक काढली. त्यांच्या चित्रांतील काळीभोर पार्श्वभूमी मात्र प्रकाशाने आलेली नाही. निगेटिव्हच्या प्रतीवर स्फटिकाभोवतालचा थर ते चाकूने काळजीपूर्वक खरवडून काढत असत.

श्वास रोखून धरावा किंवा तोंड बाजूला करून सोडावा, नाहीतर स्फटिकाच्या कडा डोळ्यांदेखत गोलावतात. कॅमेरा निदान अर्धा तास आधी बाहेरच्या थंडीत ठेवावा. परत आत नेताना तो बंद पिशवीतच असू द्यावा, म्हणजे दव पिशवीवर पडते, भिंगावर नाही. येथे उणे 15 अंशांना मला बऱ्यापैकी सवड मिळते. महाबळेश्वरला ऊन पानावर येताच काही मिनिटांत सगळे संपत असणार, त्यामुळे जागा आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवणे श्रेयस्कर.

आणखी एक. प्रत्येक छायाचित्राबरोबर तापमान लिहून ठेवण्याची सवय लावावी. जपानमधील होक्काइडो विद्यापीठाचे उकिचिरो नाकाया यांनी 12 मार्च 1936 रोजी शीतकक्षात सशाच्या केसाच्या टोकावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि नंतर तापमान व बाष्पाचे प्रमाण बदलून कोणता आकार केव्हा मिळतो याचा तक्ताच मांडला. शून्याच्या किंचित खाली पातळ चकत्या, उणे 5 च्या आसपास स्तंभ आणि सुया, उणे 15 ला पुन्हा चकत्या आणि बाष्प भरपूर असेल तर आपल्या ओळखीचे फांद्या फुटलेले तारे. आकारावरून तापमानाचा अंदाज बांधता येतो, पण तो पडताळायला सोबत आकडा हवा.

सह्याद्री_पहाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सर्व छायाचित्रे पुन्हा पूर्ण आकारात पाहिली. पानांच्या कडेचे मणी खरोखरच प्रत्येक दात्यावर एक असे आहेत आणि मोजलेल्या चौदापैकी नऊ मण्यांना स्पष्ट टोक आहे. ते टोक मला आधी भिंगातला दोष वाटले होते. देठांवरचे कण देठाच्या बारीक लवेवर, एकेका केसाच्या टोकाशी सुटे सुटे वाढलेले आहेत. नाकायांचा सशाचा केस वाचल्यावर ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. बहुतेक कण पातळ चकत्यांसारखे आहेत, तीन ठिकाणी सुयाही आहेत. याचा अर्थ तेथील तापमान उणे 3 किंवा 4 अंशांपर्यंत उतरले होते असे म्हणता येईल का?

भौतिकी_शिक्षिका

शक्यता आहे, पण त्या सुयांवरून ठाम विधान करू नये. कडेने दिसणारी चकतीही छायाचित्रात सुईसारखीच भासते. फोकस बदलत घेतलेल्या पुढच्या-मागच्या छायाचित्रांत ती सुई रुंदावताना दिसली, तर ती चकती समजावी. लवेच्या केसांवरचे कण सुटे का, याचे कारण असे की केसाचे टोक दमट हवेत बाहेर आलेले असते, उष्णता लवकर गमावते आणि बाष्पही आधी त्यालाच मिळते.

पुढच्या हिवाळ्यात एक साधा डिजिटल तापमापक घेऊन त्याचे टोक वाफ्याजवळच्या गवतावर, पात्यांच्या उंचीला ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने नोंद करावी. दुसरा तापमापक छातीच्या उंचीवर, आडोशाला टांगावा. दोन्ही नोंदी येथे दिल्यास सुयांचा प्रश्नही निकालात काढता येईल.

स्ट्रॉबेरी_बागायतदार

तापमापक आमच्या बांधावर ठेवायला हरकत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ठेवावा, आणि येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्या रात्री ठिबक केव्हा सुरू होते आणि केव्हा बंद केले तेही मी लिहून ठेवीन.