संमतीपत्रावर सही कुणाची?

वॉर्डातली सिस्टर: पित्ताशयाचं ऑपरेशन उद्या आहे. मावशी शुद्धीत, चांगल्या बोलतायत. तरी फॉर्म मुलापुढे सरकवला. मावशी उशाशी चष्मा चाचपडत राहिल्या. जीव तुटला माझा. हे चालतं का?

उत्तर: नाही. सज्ञान, शुद्धीतल्या रुग्णाची सही त्याचीच. २००८ चा समीरा कोहली निकाल वाचा. रुग्ण समीराची संमती फक्त दुर्बिणीतून तपासणीची होती. भुलेत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव वाचवायची तातडी असती, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक: सही येत नसेल तर अंगठा, साक्षीदारासमोर. पण आधी त्यांच्या भाषेत समजवा.

सिस्टर: डॉक्टरांशी बोलले. मावशींनी चष्मा लावला, दोन प्रश्न विचारले, मग सही केली.