आत्मिक वाढ: सोमवार ते शनिवार नेमकं काय करता? (ठाणे–नवी मुंबईकरांसाठी अनुभव धागा)

जय ख्रिस्त मंडळी!

रविवारी उपासना संपली की दारात पाळकांना ‘संदेश फार छान झाला’ म्हणायचं आणि मंगळवारी तो कशावर होता हे आठवत बसायचं, ही तक्रार सगळ्यांचीच. म्हणून हा धागा. वाचन, प्रार्थना, उपवास, संगती यांत काय टिकतं, काय मोडतं आणि का मोडतं, ते लिहा. साक्षी (देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं) इथे नकोत, त्यांना वेगळी जागा आहे. पद्धत लिहा, आकडे लिहा. मिस्साला जाणारे (कॅथलिक), उपासनेला जाणारे (प्रोटेस्टंट), दोघांनीही.

ऐरोलीकर

वाचनापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त उत्साह तिथेच फुकट जातो. प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. १ जानेवारीला पहिलं पुस्तक उत्पत्ती उघडलं की उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून जानेवारीअखेरीस तिसरं पुस्तक लेवीय समोर येतं. होमार्पणं, चरबी, महारोगाचे नियम. दोन दिवस राहून जातात, म्हणजे साडेसहा अध्यायांची थकबाकी. मग पुस्तक थेट पुढच्या जानेवारीत उघडतं. यात दोष लेवीयाचा नाही, योजनेचा आहे. चुकलेल्या दिवसासाठी तिच्यात जागाच नसते.

नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, अध्याय २६०. आठवड्याला पाच, ५२ आठवडे, हिशेब चोख बसतो. सोमवार ते शुक्रवार एकेक, शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा, १६ अध्याय आहेत, सव्वातीन आठवड्यांत होतं. ठाणे–वाशी लोकलच्या अर्ध्या तासात एक अध्याय दोनदा वाचून होतो. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा अडेल तिथे थांबत. मोबाइलवर वाचणार असाल तर आधी नेट बंद करा, नाहीतर रबाळे येईपर्यंत तुम्ही भलतंच काहीतरी बघत असता.

वाचून झालं की पुस्तक मिटून एक वाक्य स्वतःच्या बोलीत म्हणायचं. अट एकच: ‘कृपा’, ‘धार्मिकता’, ‘पवित्रीकरण’ हे शब्द वापरायचे नाहीत. वाक्य जुळत नसेल तर समजलेलं नाही. उद्या तोच अध्याय पुन्हा.

घोडबंदर रोड

आम्हा कॅथलिकांकडे संध्याकाळचं आत्मपरीक्षण शिकवतात. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली पद्धत आहे. पाच पायऱ्या, दहा-बारा मिनिटं, वहीत लिहून: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा एक निश्चय.

बिघडतं कुठे? लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात. आठवडाभरात त्याचं स्वतःला झोडपणं होतं आणि पुढच्या आठवड्यात वही बंद. आभार पहिले आहेत ते उगाच नाहीत. दुसरी चूक म्हणजे मोघम लिहिणं. ‘आज राग आला’ याचा काही उपयोग नाही. ‘रात्री पावणेनऊ, जेवायला वाढताना, आईला तोडून बोललो, ऑफिसच्या फोननंतर’ असं लिहा. वेळ, जागा, माणूस, आधी काय घडलं. पंधरा दिवसांच्या ओळी एकाखाली एक वाचल्या की दिसतं, भांडण आईशी नसून त्या फोनशी आहे. मग निश्चयही नेमका होतो: फोननंतर दहा मिनिटं खाली चक्कर मारून यायचं, मग ताटावर बसायचं. पापनिवेदनाची (धर्मगुरूंपुढे चुका कबूल करण्याची) तयारीही याच वहीतून होते, आयत्या वेळी आठवत बसावं लागत नाही.

कळव्याची ताई

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधली स्तोत्रं म्हणा. १५० आहेत, रोज पाच, महिन्यात पूर्ण. ओळीने घेऊ नका, तारखेत तीस-तीस मिळवत जा. ५ तारखेला ५, ३५, ६५, ९५, १२५. अशाने विलाप आणि स्तुती एकाच दिवशी समोर येतात. २९ तारखेला ११९ वं येतं, त्यात १७६ वचनं आहेत. ते ३१ साठी ठेवा, किंवा मोठ्या सुट्टीसाठी.

तक्रारीची स्तोत्रं गाळू नका. १३ व्याची सुरुवातच ‘किती वेळ?’ अशी आहे, ८८ वं तर अंधारातच संपतं. घरात आजारपण असताना तीच तोंडात बसतात.

जुना सभासद, वाशी

उपवास. राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर ४६ दिवस भरतात. रविवार वगळले की ४०. कॅथलिकांत राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ पूर्ण ते ५९ पर्यंतच्यांनी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, असा नियम आहे. प्रोटेस्टंटांत बहुतेक ठिकाणी ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि तिथेच गोची होते.

आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाणा भिजत पडतो. खिचडी, वर दाण्याची आमटी. ते पदार्थ बदलणं झालं, जेवण सोडणं नाही. दुपारचं जेवण सोडायचं तर तो अर्धा तास प्रार्थनेला आणि त्या जेवणाचे पैसे डब्यात. महिन्याच्या शेवटी डबा उघडून कुणाला द्यायचे ते आधीच ठरवा, नाहीतर ते घरातच विरघळतात. यशया ५८ वाचा, भुकेल्याशी आपली भाकर वाटून घेणं हाच तिथला उपवास आहे. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पाणी सोडू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यांनी मोबाइल सोडावा, जास्त कठीण जातं.

कोपरखैरणे सेक्टर

घरगुती संगतीबद्दल. सहा ते आठ माणसं, त्यापुढे दोन जण बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. लोकल पकडून माणसं घरी येईपर्यंत साडेआठ होतात, म्हणून पावणेनऊ ते दहा. वाचन १५ मिनिटं, बोलणं ३०, प्रार्थना ३०. चहा शेवटी. आधी ठेवला की वाचन सव्वानऊला सुरू होतं, पाहून घ्या. बोलताना ‘आपण सगळे कमी पडतो’ चालणार नाही, ‘मी’ म्हणायचं.

संगती मोडते ती मात्र एकाच वाक्याने: ‘प्रार्थनेसाठी सांगते हं, पण तिच्या मुलाचं…’ दुसऱ्याची गोष्ट त्याने परवानगी दिल्याशिवाय विनंतीतही आणायची नाही. व्हॉट्सॲप गटावर नाव आणि आजार एकत्र लिहू नका. ‘एका बहिणीसाठी’ एवढं देवाला पुरतं.

तलावपाळी

वरचं सगळं ठीक, पण मत्तय ५:२३-२४ राहिलं. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आदल्या आठवड्यात हे करायला वेळ काढा. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ ही माफी नव्हे. त्यातला ‘असेल’ सगळं पुसून टाकतो. काय केलं ते नाव घेऊन सांगा, ‘पण’ लावू नका, पैसे असतील तर परत द्या, आणि ‘केलंस ना माफ?’ असं लगेच विचारू नका. उत्तराला महिना लागू दे. भावकीतल्या जागेचं प्रकरण असेल तर मेसेज नको, समोर बसा.

मोजमाप कुणी विचारलं तर: गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत आणि ‘फळ’ एकवचनी आहे. टाळ्या, अश्रू, मोठा आवाज त्यात नाहीत. तीन महिन्यांसाठी एक गुण घ्या, बहुधा सौम्यता, आणि फरक पडला का ते घरच्यांना विचारा. मंडळीतल्यांना विचारू नका, त्यांना आपण इस्त्री केलेले दिसतो.

महापे, रात्रपाळी

इथे सगळं सकाळ-संध्याकाळ धरून लिहिलंय. पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी काय करायचं?

ऐरोलीकर

घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. कामावरून येऊन बूट काढले की वाचन, डबा भरला की प्रार्थना. बूट प्रत्येक पाळीत काढावेच लागतात. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र वाचून झोपा. झोपून उठल्यावर म्हणाल तर पाणी भरायची वेळ झालेली असते.