‘आउट ऑफ सर्व्हिस’: ट्रकला आणि चालकाला एकच शब्द चालेल का?

निळी शाई:
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतील मालवाहतुकीवर लेख लिहिला आहे. तेथे रस्त्याकडेच्या तपासणीत ट्रक-ट्रेलरच्या एकूण ब्रेकांपैकी २० टक्के किंवा त्याहून अधिक सदोष आढळले, तर दुरुस्ती होईपर्यंत ते वाहन जागचे हलवता येत नाही. आणि चालकाने ११ तासांची मर्यादा ओलांडली असेल, तर सलग १० तास विश्रांती घेतल्याशिवाय त्याला पुन्हा स्टिअरिंग धरता येत नाही. दोन्ही आदेशांना ‘आउट ऑफ सर्व्हिस’ असेच म्हणतात. मी ‘सेवेबाहेर’ लिहिले होते, त्याचे संपादकांनी ‘सेवामुक्त’ केले, आणि आता माझा चालक शाल-श्रीफळ घेऊन घरी निघाल्यासारखा वाटतो. दोघांनाही चालेल असा शब्द सुचवावा.

घाटमाथा:
‘अटकाव’ असताना शोधाशोध कशाला? आपल्याकडे आरटीओच्या वायुवेग पथकाने विनापरवाना गाडी धरली, की मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली ती ‘अटकावून ठेवली’ असेच लिहितात. शिवाय या शब्दाला सिंधूकाठच्या अटकेचा वारसा आहे.

शंकासुर:
अटकेचा झेंडा तूर्त राहू द्यावा. कलम २०७ खाली गाडी सरकारच्या ताब्यात जाते. अमेरिकेतील या आदेशाने ती मालकाकडेच राहते, तिथल्या तिथे मेकॅनिक बोलावून ब्रेक नीट करून घेता येतात आणि मग पुढे निघता येते. चालकाला ‘अटकाव’ केला असे छापले, तर निम्मे वाचक ‘अटक’च समजतील. ‘चालवण्यास मज्जाव’ लिहावे.

घाटमाथा:
‘मज्जाव’ म्हणजे हिंदीतला ‘मत जाव’, असे आमचे गुरुजी सांगत. परक्या शब्दाची भलामण करण्यापेक्षा ‘स्थानबद्ध’ हा शुद्ध शब्द घ्यावा.

शंकासुर:
आणीबाणी पाहिलेल्या वाचकाला ‘स्थानबद्ध चालक’ म्हणजे मिसाखाली धरलेला कार्यकर्ता वाटेल. आणि ‘ब्रेक’ खपवून घेणाऱ्याने ‘मज्जाव’ला परका ठरवू नये. गुरुजींच्या व्युत्पत्तीला एखादा जुना लेखी आधार आहे का?

रूळबदल:
माझे वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते. मालडब्यात दोष सापडला की तो ‘सिक’ केला जाई, गाडीतून काढून ‘सिक लाइन’ला लावला जाई आणि दुरुस्तीनंतर ‘फिट’ होई. तात्पुरतेपणा आणि दुरुस्तीची अट दोन्ही या एका शब्दात येतात, आणि माणसांनाही तो लागतो, कारण आजारी कर्मचारी ‘सिकमध्ये’ असे.

निळी शाई:
माझा चालक आजारी नाही, त्याचे तास भरले आहेत.

शंकासुर:
शिवाय वॅगन ‘सिक करतात’, तर माणूस ‘सिकमध्ये जातो’. निरीक्षकाने चालकाला ‘सिक केले’ असे रेल्वेतही कोणी म्हणणार नाही. घाटमाथा, ‘मत जाव’चा आधार अजून दिलेला नाही.