मदत हवी आहे: रेडिएटरच्या पाण्यात गुलाबी साय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कूलर फुटलाय का?

खानापूरकर
गाडी २०११ची पेट्रोल सेदान, टॉर्क कन्व्हर्टरचा (म्हणजे इंजिनाचा जोर तेलामधून गिअरबॉक्सकडं देणारा) पाच गिअरांचा ऑटोमॅटिक, मीटरवर २,१४,००० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ‘ही गाडी घेतलीच कशाला’ या वळणावर जातो. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या कूलरमधून फिरतं. बाहेर वेगळा कूलर नाही.

लक्षणं अशी: कूलंटच्या बाटलीत तपकिरी-गुलाबी साय धरलीय. गिअरबॉक्सचं तेल मोजायच्या पट्टीवर तेल लालसर, पण किंचित गढूळ, बारीक बुडबुड्यांचं. ५०-६०च्या वेगाला हलका पाय ठेवला की थरथर येते, पाय दाबला की जाते. चोर्ला घाटाचा चढ लागला की गिअर उशिरा पकडतो. इंजिनाचा तापमानाचा काटा मात्र मध्यावरच.

एक मिस्त्री म्हणायलेत हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, दुसरे म्हणायलेत गिअरबॉक्स उतरवायलाच पाहिजे. तिसऱ्यांनी रेडिएटरात गळती बंद करायची पावडर टाकून बघू म्हटलं. सुरुवात कुठून करू?

गिअरबॉक्समामा, निपाणी
पावडर नको, आणि कोणी हळद टाका म्हटलं तर तीही नको. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये जाऊन बसते. इथं तर भोक तेलाच्या बाजूला उघडलेलं दिसतंय. म्हणजे तीच पावडर गिअरबॉक्सच्या सोलेनॉइडच्या (तेलाच्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जाळ्यांपर्यंत पोचणार.

पहिलं काम म्हणजे गाडी चालवणं बंद. गाडी चालू असताना कूलरमधल्या तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं, तीच तुमची साय. बंद केली की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, पण तापलेलं पाणी झाकणाच्या दाबाला बराच वेळ तटून राहतं. मग पाणी तेलात शिरतं. म्हणजे नुकसान गाडी उभी असताना होतं, आणि प्रत्येक वेळी तापवून बंद केली की थोडं थोडं वाढतं. क्लच प्लेटचं अस्तर कागदी असतं. ते पाण्यानं फुगतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल अस्तर धरून ठेवणारा गोंद सोडवतं. तुमची थरथर लॉकअप क्लचची, म्हणजे कन्व्हर्टरमधला जो क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो त्याची वाटते. हलक्या पायावर तो लागतो, जोर दिला की सुटतो, म्हणून थरथरही जाते.

हेड गॅस्केट असतं तर इंजिनाच्या पट्टीवर दुधाळपणा, सायलेन्सरातून पांढरा धूर, चालू इंजिनाला रेडिएटरात सतत बुडबुडे, यातलं काहीतरी दिसलं असतं. साय पांढऱ्या कागदावर पुसून बघा. कडेला लाल-गुलाबी डाग पसरला तर तेल गिअरबॉक्सचं, काळपट-तपकिरी असेल तर इंजिनाचं.

मग तेलात पाणी आहे का ते बघा. लोखंडी पत्रा चांगला तापवा, चष्मा घाला आणि पट्टीवरच्या तेलाचे दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. नुसता धूर निघाला तर निदान जास्त तरी नाही.

पक्का निकाल दाबावर लागतो. गाडी पूर्ण थंड असताना कूलरचे दोन्ही होज रेडिएटरपासून काढा, खाली ट्रे ठेवा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा टेस्टर लावून झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या, ०.९ किंवा १.१ बार असेल, आणि पंधरा मिनिटं धरा. कूलरच्या नळीतून पाणी टपकलं की कूलर फुटलाय. कोरडं राहिलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका, केसासारखी चीर कधीकधी तापल्यावरच उघडते.

खानापूरकर
मामा, कागदावर डाग गुलाबी आला. पत्र्यावर थोडं तडतडलं. दाब दिल्यावर खालच्या नळीतून पाणी थेंब थेंब आलं. आता नुसता कूलर मिळतो का, की अख्खा रेडिएटर घ्यायचा?

उद्यमबाग_वर्कशॉप
अॅल्युमिनियमच्या कोअरला प्लॅस्टिकची टाकी घडी मारून बसवलेली असेल तर आतला कूलर बदलत बसू नका. जुनं प्लॅस्टिक घडी उघडताना तडकतं. पितळी रेडिएटरला डाग देऊन चालायचं, याला नाही. अख्खा नवा घ्या.

माझं मत विचाराल तर नव्या रेडिएटरमधला कूलरही वापरू नका. तेल सगळं बाहेरच्या प्लेट कूलरमधून फिरवा, म्हणजे पाणी आणि तेलाची गाठच पडत नाही. नळी-पंख्यांच्या कूलरपेक्षा प्लेटचा घ्या, तेवढ्याच जागेत जास्त उष्णता काढतो. एसीच्या कंडेन्सरच्या पुढं, १५-२० मिमी अंतर ठेवून, पट्टीचे ब्रॅकेट करून चेसिसच्या आडव्या पट्टीला बसवा. कंडेन्सरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधायची पद्धत दिसते, ती टाळा. हादऱ्यानं घासून कंडेन्सर गळतो आणि मग एसीचा गॅसही गेला.

होजवर कंजुषी नको. पाण्याचा होज तेलानं फुगतो. आपल्याकडं हायड्रॉलिकच्या दुकानात शंभर-आर-वन होज क्रिम्प करून लगेच मिळतो, पण तो १०० अंशांपर्यंतचाच असतो, आणि घाटात गिअरबॉक्समधून निघणारं तेल त्याच्या वर जाऊ शकतं. ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचाच होज मागा. आतला व्यास नळी मोजून ठरवा, बहुतेक ८ किंवा ९.५ मिमी निघेल. नळीच्या टोकाला उंचवटा नसेल तर लेथवर काढून घ्या. होज २५ मिमी तरी आत सरकवा आणि क्लिप उंचवट्याच्या मागं आवळा. नुसत्या गुळगुळीत नळीवर क्लिप कितीही आवळली तरी एक दिवस होज निसटतो आणि मिनिटभरात गिअरबॉक्स रिकामा.

कुठली नळी जाणारी आणि कुठली येणारी हे थंड इंजिन चालू करून हातानं कळतं. आधी कोमट होते ती गिअरबॉक्समधून निघणारी.

बेळगाव_टिळकवाडी
अण्णा, थंडीत तेल तापायचंच नाही ना मग? कंपनीनं पाण्यातून फिरवलं त्याला काही कारण असेल.

उद्यमबाग_वर्कशॉप
कारण आहे. थंड देशात पाणी तेलाला लवकर गरमही करतं. बेळगावच्या डिसेंबरात पहाटे चालू केली तर पहिले काही किलोमीटर गिअर जरा उशिरा बदलतील, एवढंच. त्याचीही काळजी असेल तर थर्मोस्टॅटिक बायपास बसवा, तेल तापेपर्यंत तो ते कूलर टाळून फिरवतो. त्रास थंडीपेक्षा उसाच्या हंगामात. डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमागं सरपटताना कन्व्हर्टर घसरत राहतो आणि समोरून वारा नसतो. वर पाचटाचा कचरा जाळीत अडकलेला. जाळी इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पंखे आडवे होतात. घाटात D मध्येच ठेवून गिअर शोधू देऊ नका, खालचा गिअर धरून चढा.

गिअरबॉक्समामा, निपाणी
कूलर सोपा भाग झाला, तेल धुणं खरं काम. नट उघडून एकदा तेल काढलं तर जेमतेम ३ लिटर निघतं, एकूण ७ लिटर धरा. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला तेल वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात). तीनदा काढून भरलं तरी हिशेबानं १९ टक्के जुनं राहतं. नुसत्या जुन्या तेलाला ते चालतं, ग्लायकॉलला नाही.

म्हणून आधी खालून काढा. पॅन असेल तर उघडून फिल्टर बदला, चुंबक पुसा. चुंबकावर राखाडी लगदा चालतो. धातूचे पापुद्रे किंवा अस्तराचे तुकडे दिसले तर थांबा, पुढचा खर्च गिअरबॉक्सवर करायचाय. पॅन स्वच्छ असेल तर नवं तेल भरा, कूलरकडून गिअरबॉक्सकडं परत येणारी नळी मापाच्या बाटलीत सोडा, इंजिन आयडलवर ठेवा. एक लिटर निघालं की इंजिन बंद, एक लिटर भरा. असं १० ते १२ लिटरपर्यंत, तेल स्वच्छ लाल येईस्तोवर. दोघं लागतात, कारण पंप कोरडा फिरला तर वेगळंच काम निघेल. लिटर निघायला ३० सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला तर वाटेत कुठंतरी तुंबलंय, आधी ते शोधा. ३००-४०० किमीनंतर पुन्हा एकदा खालून ३ लिटर बदला.

तेल मालकाच्या पुस्तकात लिहिलंय तेच. डेक्स्रॉन, डब्ल्यूएस, डीडब्ल्यू-वन, एसपी-थ्री ही वेगवेगळ्या प्रकारची गिअरबॉक्स तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणाला तरी. बाहेरच्या कूलरमुळं अंदाजे ३००-५०० मिली जास्त लागेल. पातळी तापल्यावर, पुस्तकातल्या पद्धतीनं बघा. काही गाड्यांत चालू इंजिनावर, काहींत बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत. जास्त भरलं तर फेस होतो आणि तीच थरथर परत येते.

पाण्याची बाजू: थर्मोस्टॅट काढा, हीटर पूर्ण गरमवर, कमी फेसाची डिशवॉशर मशीनची पावडर गरम पाण्यात विरघळवून फिरवा, काढा, साध्या पाण्यानं साय थांबेपर्यंत धुवा. तेल लागलेले पाण्याचे होज मऊ पडून फुगतात, ते सगळे बदला. थर्मोस्टॅट आणि झाकणही नवं.

थरथर दुसऱ्या धुण्यानंतरही राहिली तर लॉकअपचं अस्तर गेलंय. कन्व्हर्टर उतरवावा लागेल, तेलानं ते परत येत नाही.

खानापूरकर
पॅन उघडून फोटो टाकतो. गाडी खानापूरहून बेळगावला आणायचीय, इथल्या क्रेनवाल्याकडं मागची चाकं उचलणारीच गाडी आहे. चालेल?

उद्यमबाग_वर्कशॉप
नाही. तुमची पुढच्या चाकांवर चालणारी आहे. पुढची चाकं जमिनीवर घासत आणली तर गिअरबॉक्स आत फिरतो आणि पंप बंद असल्यानं तेल पोचत नाही, N मध्ये असली तरी. फ्लॅटबेड मागवा. नसेलच तर पुढून उचलायला सांगा आणि हँडब्रेक सोडलाय ना ते स्वतः बघा.