सोनोग्राफी नॉर्मल, लक्षणं मात्र डीप एंडोमेट्रिऑसिसची: चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

कृष्णाकाठ
तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट विवाहित, वय २९. संशय डीप एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढून अवयवांत खोल रुतण्याचा. पाळीचे पहिले तीन दिवस अंथरुणावर, त्याच दिवसांत संडासला बसलं की गुदद्वारात कळ, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी (आतड्यात कॅमेरा घालून तपासणी) नॉर्मल, सीए-१२५ (रक्तातला एक मार्कर) ४१. मूल एवढ्यात नको आहे. शहरात पाठवताना काय मागवू? थेट एमआरआय, की पोटात दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपी) एकदा बघून घेणं बरं? आणि तोवर डायनोजेस्ट (या आजारावरची हार्मोनची गोळी) सुरू केलं तर तपासणीत आजार लपेल का?

सोनोकट्टा
कोलोनोस्कोपी नॉर्मल आहे म्हणून आतडं सुटलं असं धरू नका. एंडोमेट्रिऑसिसची गाठ बाहेरून आत येते, आतड्याच्या स्नायूच्या थरात रुतते, आणि आतलं अस्तर बहुतेक वेळा शाबूत असतं. कॅमेऱ्याला दिसतं ते फक्त अस्तर. सीए-१२५ निदानासाठी काढूच नये, एश्रे या युरोपातल्या प्रजननवैद्यक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ४१ असो की २१, पुढची पायरी तीच.

चिठ्ठीवर नुसतं ‘यूएसजी पेल्व्हिस’ लिहिलंत तर पुन्हा भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय आणि बीजकोश बघून ‘नॉर्मल’ येईल. असं लिहा: ‘टीव्हीएस, डीप एंडोमेट्रिऑसिसचा संशय. स्लायडिंग साइन, युटेरोसेक्रल लिगामेंट, रेक्टोसिग्मॉइड, मूत्राशय आणि दोन्ही किडन्या पाहाव्यात.’ टीव्हीएस म्हणजे योनीमार्गे सोनोग्राफी, युटेरोसेक्रल लिगामेंट म्हणजे गर्भाशयाला मागून धरणारे बंध, रेक्टोसिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग.

स्लायडिंग साइनला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रोबने गर्भाशयमुखावर हलका दाब द्यायचा आणि रेक्टमची (गुदाशयाची) पुढची भिंत त्याच्या मागून मोकळी सरकते का बघायचं. मग दुसऱ्या हाताने ओटीपोटावरून गर्भाशय हलवून वरच्या भागाचंही तेच पाहायचं. दोन्ही एकदमच हलले तर गर्भाशयामागची जागा चिकटून बंद झाली आहे.

चूक होते ती अशी की प्रोब सरळ आत जाऊन गर्भाशयावर थांबतो. युटेरोसेक्रलच्या आणि रेक्टमच्या गाठी मागच्या फॉर्निक्सलगत (योनीच्या वरच्या टोकाचा मागचा खळगा) असतात, म्हणजे प्रोब ज्यांच्यावरून पुढे निघून गेला तिथेच. हळू बाहेर घेत परत बघावं लागतं, आणि पेशंट ‘इथेच दुखतं’ म्हणाली की तिथे थांबावं लागतं. आतड्यात गाठ असेल तर लांबी, रुंदी, जाडी, किती गाठी आणि गुदद्वारापासूनचं अंतर, एवढं रिपोर्टमध्ये हवंच.

पेशंट अविवाहित असेल तर आपल्याकडे पोटावरची सोनोग्राफी करून फाइल बंद होते. तिथे संमतीने गुदमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय, हे आधीच लिहून पाठवा.

टी२ सॅजिटल
टीव्हीएस करणारा हात तयार असेल तर आधी तीच. एमआरआय हवा तो हात मिळत नसेल तेव्हा, किंवा ऑपरेशनचा नकाशा काढायला. ‘एंडोमेट्रिऑसिस प्रोटोकॉल’ हे शब्द लिहाच. साध्या पेल्व्हिक एमआरआयमध्ये आतड्याची हालचाल चित्र पुसट करते. म्हणून ३ ते ६ तास उपाशी, स्कॅनच्या आधी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ शिरेतून (काचबिंदू आणि हृदयाच्या जलद ठोक्यांबद्दल विचारून), मूत्राशय अर्धवट भरलेलं. टी२ (एमआरआय चित्राचा एक प्रकार) तीन दिशांनी, टी१ (दुसरा प्रकार) फॅट सॅच्युरेशनसह (चरबीची चमक दाबून) आणि त्याशिवाय. टी१ वर चमकणारी गाठ फॅट दाबल्यावरही चमकत राहिली तर रक्त, विझली तर डर्मॉइड (चरबी असलेली बीजकोशाची गाठ).

आणि एक: चांगल्या हातातली नॉर्मल इमेजिंगही पृष्ठभागावरचा आजार नाकारत नाही. लक्षणं अशी असतील तर औषध अडवून ठेवू नका.

ओटी नंबर ४
‘एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ’ हे नकोच. मागची जागा बंद असेल तर वरून फक्त चिकटलेलं आतडं दिसतं, गाठ त्याच्या खाली. पोट उघडून बंद होतं आणि खरं ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. आधी नकाशा, मग निर्णय.

डायनोजेस्ट २ मिग्रॅ, रोज ठरलेल्या वेळी, खंड न पाडता. गरोदर नाही याची खात्री करून सुरू करा. ही गर्भनिरोधक गोळी म्हणून धरायची नाही, निरोध वापरायला सांगा. पहिले तीनेक महिने अधूनमधून डाग लागतात. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट गोळी स्वतःच बंद करते. टीबीची औषधं चालू आहेत का विचारा, रिफाम्पिसिनने डायनोजेस्टचं रक्तातलं प्रमाण घसरतं. मनःस्थिती खालावते का, तेही पाहा. तपासणीत आजार लपण्याची भीती नको: दुखणं दबतं, तंतुमय गाठ विरघळत नाही. त्यामुळे गोळी बंद केली की बऱ्याच जणींचं दुखणं परत येतं. मूल हवं असेल तेव्हा मात्र ही गोळी चालत नाही, तिने गर्भधारणेला मदत होत नाही.

ऑपरेशन कधी: औषधावर दुखणं आवरत नाही, आतडं अरुंद होऊन अडथळा येतोय, किंवा मूत्रवाहिनी दाबली जातेय. एकच गाठ साधारण ३ सेंमीपर्यंत असेल तर शेव्हिंग (गाठ आतड्यावरून तासून काढणं) किंवा डिस्क एक्सिजनने (भिंतीचा गोल तुकडा काढणं) भागू शकतं. मोठी, अनेक किंवा आतडं आवळणारी असेल तर आतड्याचा तेवढा तुकडा काढून जोड द्यावा लागतो. गाठ गुदद्वाराच्या जितकी जवळ तितका जोड गळण्याचा आणि फिस्टुलाचा (दोन अवयवांत नको ती वाट पडण्याचा) धोका जास्त, त्यात योनीही उघडावी लागली तर आणखी. दोन्ही बाजूंना खोल छाटणी झाली की नसा दुखावून लघवी अडू शकते. तात्पुरता स्टोमा (पोटावर शौचासाठी केलेली वाट) आणि कॅथेटर (लघवीची नळी), हे दोन शब्द संमतीपत्रात आधीच असावेत. रिपोर्टमध्ये नुसतं ‘स्टेज ४’ आलं तर परत पाठवा: ती स्टेज चिकटपणा आणि बीजकोशातल्या गाठींवर ठरते, आतड्यातली खोली सांगत नाही.

कृष्णाकाठ
आभार. जुन्या रिपोर्टमध्ये किडनीचा उल्लेखच नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ०.८ आहे, तर किडनीसाठी थांबलं तर चालेल?

ओटी नंबर ४
नाही. एक किडनी ठीक असली की क्रिएटिनिन नॉर्मलच दिसतं. मूत्रवाहिनी बाहेरून आवळली जाते तेव्हा कळ येईलच असं नाही, आणि किडनी गुपचूप निकामी होते. गावातच या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. कुठल्याही बाजूच्या किडनीला सूज दिसली तर डायनोजेस्टवर वाट पाहू नका, युरॉलॉजिस्टला दाखवा: किती काम उरलंय ते डीटीपीए स्कॅनवर, आणि गरजेप्रमाणे डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी). तोवर मेफेनॅमिकसारख्या वेदनाशामक गोळ्याही जपून.