पहिल्या दिवशीचं ते 'उठून स्वतःबद्दल सांगा' बंद करा राव

कापूसकोंडा:
आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या मागून, उन्हामुळे. त्याच्या आधी आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि मी बसून मोजलं, अकरा वेळा आईसब्रेकर, म्हणजे ओळख व्हावी म्हणून घेतात ते खेळ. फुगे फोडले, पेपर कपांचा मनोरा केला, एका बोटाने मग दोन बोटांनी टाळ्या वाजवून पाऊस पाडला (बाहेर थेंब नव्हता आणि अर्ध्या मास्तरांचं डोकं घरच्या पेरणीत). ते जाऊ द्या, आम्ही मोठी माणसं, चहा-बिस्किटावर सगळं सहन करतो. पण तेच खेळ जसेच्या तसे वर्गात नका आणू.

माझ्याकडे पाचवीत चार गावांची पोरं येतात, तिकडच्या शाळा चौथीपर्यंतच. मागच्या साली मी चिठ्ठ्यांचा खेळ घेतला, उचला आणि त्यावर असेल ते सांगा. एका पोरीला निघालं 'बाबांसोबतची एक मजेची आठवण'. उभी राहिली चिठ्ठी धरून, काहीच बोलेना. मागून एक पोरगा म्हणाला, सर तिच्या बाबांनी औषध घेतलं. आपल्या भागात याचा अर्थ सांगायला लागत नाही. चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती.

त्या वर्गाची खरी ओळख झाली ती ऑगस्टात, परसबागेला पाणी घालताना, हापशीपासून वाफ्यापर्यंत बादल्यांची रांग लावली तेव्हा. म्हणून म्हणतो, खेळ नको, काम द्या.

गटसाधन_ताई:
सर वाचून पोटात कालवलं. पण चूक चिठ्ठीची होती हो, खेळाची नाही. मी प्रशिक्षण घेते म्हणून शिव्या मलाच, तरी सांगते. पहिल्या दिवशी घरचं काही विचारायचंच नाही, कोणाला एकटं उभं करायचं नाही आणि कोणी आऊट होता कामा नये. 'नाव बुडाली, तीन-तीन' मध्ये (हाक आली की तेवढ्या-तेवढ्यांचे गट करायचे) जो उरतो त्याला आपण बाहेर बसवतो ना, मी त्यालाच पुढची हाक द्यायला लावते, मग पोरं मुद्दाम उरायला बघतात! चेंडूचा खेळही तसाच. फेकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव घ्यायचं. लाजऱ्या पोराला स्वतःचं नाव सांगावं लागत नाही, चार जण त्याला नावाने हाक मारतात. आणि जूनमध्ये शाळा उघडली, ऑगस्टात ओळख झाली, मधले दोन महिने पोरांनी काय करायचं?

ठेचा_भाकर:
आईसब्रेकर म्हने. बरफ कायचा बाप्पा, मे मंदी इथं ४६ डिग्री. माहं दुखनं येगळंच हाय. नाव सांग म्हनलं का पोट्टं पूर्न नाव सांगते, आडनावासकट, अन् आडनाव आलं का बाकीच्याइले समजलं हे कोन्या मोहल्ल्यातलं हाय. मी सातवीत असतानी नव्या शाळेत असंच उभं केलं होतं, त्या दिवशीपासून डब्याच्या येळी माह्या बाजूची जागा खालीच राहे. सरनं चांगल्याच मनानं केलं असन, मी काही म्हनत नाही. पन ताई, चेंडू फेका का फुगा, निस्तं पह्यलं नाव घ्या. हजेरीतबी.

गटसाधन_ताई:
भाऊ हे मात्र मी कधी सांगितलं नाही कोणाला, सांगायला पाहिजे होतं. पुढच्या बॅचपासून नक्की.

मेळघाट_मास्तर:
कापूसकोंडा सर तुमचं पटत नाही. माझ्याकडे पहिलीत सगळी पोरं कोरकू बोलणारी, मराठी जवळपास शून्य, 'बादली आण' म्हटलं तरी बघत बसतात, त्यांना काम काय देऊ? खेळच लागतो. 'शिवाजी म्हणतो' मी उलटं केलं, पोरं कोरकूत ऑर्डर देणार आणि मी करणार. हात वर म्हटलं की मी खाली बसतो, वर्ग लोळून हसतो. पहिल्या दिवशी वर्गातला सगळ्यात ढ मीच असतो, त्याने जे होतं ते बादलीने होत नाही.

कापूसकोंडा:
तुमचा खेळ मान्य, त्यात फजिती मास्तरची आहे, पोराची नाही. पण १९५४ चा मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफचा प्रयोग घ्या, अमेरिकेत ओक्लाहोमात. अकरा-एक वर्षांच्या २२ पोरांचे दोन गट केले, शिबिरात रस्सीखेच, बेसबॉल वगैरे सामने लावले, आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळेपर्यंत मजल. मग सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं, तर एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची लाईन बंद पडली आणि ट्रक अडकला (दोन्ही मुद्दाम केलेलं) तेव्हा कुठे जुळले, आणि ट्रक ओढला तो रस्सीखेचीच्याच दोरीने. म्हणजे नुसत्या मजेने होत नाही.

गटसाधन_ताई:
ती पोरं निवडून आणलेली होती, सगळी एकाच थरातली. तुमच्या वर्गात तर चार गावं आणि भाऊंनी सांगितलं ते सगळं. त्यापेक्षा अॅरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची जिगसॉ पद्धत घ्या, १९७१, टेक्सासमधलं ऑस्टिन, गोरी-काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं सुरू. त्याने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एक दिला, ज्याचा तुकडा त्यानेच बाकीच्यांना शिकवायचा, मग एकमेकांचं न ऐकून चालतंय कुठे. काम आहे की नाही? तुमच्याच बाजूचं आहे. पण त्यात पोराला तोंड उघडावं लागतं सर, आणि ते तोंड उघडायलाच आधी चेंडू लागतो.

बँकवाला_यवतमाळ:
मास्तरांचं बरं आहे. आम्हाला टीम बिल्डिंग रविवारी, स्वतःच्या खर्चाने रिसॉर्टवर. डोळे मिटून मागे पडा, सहकारी झेलेल. झेलायला उभा कोण, तर ज्याने माझी दिवाळीची रजा अडवली तो. मी पडलोच नाही.

संत्रा_बागायत:
२०१६ ला वॉटर कप (श्रमदानाने पाणी अडवायची गावागावांची स्पर्धा) पहिल्यांदा तीन तालुक्यांत झाला त्यात आमचं वरूड होतं. बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं एकाच रांगेत घमेली देताना मी पाहिली, म्हणून कापूसकोंडा सरांना माझं मत. पण खरं सांगायचं तर ट्रेनिंगला गेलेली आमची मंडळी खेळ आणि गाणी घेऊन परतली होती, सुरुवात त्यांनी त्यावरच केली, आणि पहिल्या दिवशी लोक खेळ पाहायलाच जमले, फावडी कोणी आणली नव्हती. केस मात्र अजून चालूच आहे.

कापूसकोंडा:
ठीक, अर्धं मत तिकडे द्या. यंदा चिठ्ठ्या नाहीत, चेंडू घेतो, फक्त पहिलं नाव, मग लगेच दुसऱ्या दिवशी वाफे. ताई, ४३ पोरं आहेत, वर्गात 'नाव बुडाली' खेळायला जागा नाही, व्हरांड्यात चालेल का?

गटसाधन_ताई:
चालेल, पण पावसाचं पाणी आत येत असेल तर फरशी आधी पुसून घ्या. आणि चार-चार म्हणू नका, तीन उरतात, सुरुवातीला एकच उरू द्या. सहा-सहा म्हणा.

ठेचा_भाकर:
मास्तर, वाफ्यात सांभार (कोथिंबीर) लावजा. पोट्टे डब्यात नेतात.